रुकैया, ठिपका वरच होता

शेवटचं काम आपण दोघांनी मिळून केलं ते मासळी धुण्याचं. असरची नमाज झाली होती, तरी ऊन भट्टीसारखंच होतं. खोलीमागच्या सावलीत तू प्लास्टिकच्या क्रेटवर बसली होतीस आणि मी पाइप धरून उभा होतो. दम्मामहून बर्फाची गाडी आली होती आणि या खेपेला तिच्यात बांगडा होता. तू एक बांगडा उचललास, कल्ला उघडून बघितलास, आणि तुझं तोंडच पडलं.

"एवढा ताजा बांगडा त्या चोचवाल्यांना? आणि आपण खायचा तो चिखलाच्या वासाचा बुलटी?"

"त्यांच्यासाठीच आलाय. मालकाचा माल आहे."

"मालकाला विचारा, तिरफळ घातलेला बांगडा जन्मात कधी खाल्लाय का. खाल्ला असता तर सुसरींना दिला नसता."

मी हसलो. मी हसलो की तू लगेच मुद्द्यावर येतेस, हे मला ठाऊक होतं, तरी हसलो.

"ओ, उद्यापासून त्या फहदला बरोबर घ्या."

"नाही घेणार."

"माणूस रोज येतो, खुर्चीवर बसतो, मोबाइल बघतो. तुम्ही त्याच्याशी बोलत नाही, तो तुमच्याशी बोलत नाही. दोघंही खुळे."

"जो माझ्या पोटावर पाय देतोय, त्याला मीच काम शिकवू?"

"पाय तो देत नाही, सरकारचा हुकूम देतोय. आणि पोट बघा तुमचं केवढं आहे. थोडा पाय पडला तर बरंच होईल."

मग तू खोकलीस, पाणी प्यालीस, मासळी पाटीत भरलीस. चहा झाला. मी खोलीत शिरलो तर तू आतून ओरडलीस, "चपला बाहेर! मासळीचं पाणी लागलंय त्यांना." एवढंच. यापुढे तू माझ्याशी काही बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी फजरला मी उठ म्हटलं, तू उठली नाहीस. तू माझं ऐकलं नाहीस अशी ती काही पहिली वेळ नव्हती, म्हणून मी आणखी दोनदा हाक मारली. मग हात लावून बघितलं.

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पाण्याचे पंप दुरुस्त करत जन्म गेला. लिहायची सवय नाही. शाहीन म्हणाली, "अब्बा, अम्मीबद्दल काही लिहा, गावच्या जमातीच्या अंकात छापतील." मी म्हटलं, तिच्याबद्दल काय लिहू, ती कोणत्या साली जन्मली, कोणाची मुलगी, हे गावाला माझ्याआधीपासून ठाऊक आहे. मला तिच्याशीच बोलायचंय. तर ती म्हणाली, मग तसंच लिहा. म्हणून बसलोय. चुकलं तर तूच हसशील.

पहिल्यांदा तू इथे आलीस ते आठवतंय का? शाहीनचं लग्न होऊन ती जावयाबरोबर दम्मामला गेली, आणि गावच्या घरात तू एकटी उरलीस. मी कफीलच्या, म्हणजे मालकाच्या, पाया पडून तुझा व्हिसा काढला. अल खर्जच्या रस्त्यावर, गाईंच्या मोठ्या डेअऱ्या मागे पडल्यावर, आपला मजरा, कफीलची शेतवाडी. तू बुरख्याच्या जाळीतून खजुरीची झाडं बघत होतीस आणि म्हणत होतीस, "चला, निदान हिरवं तरी आहे." मग मी तुला तळं दाखवलं. कफीलचा जनावरांचा षौक. हरणं, शहामृग, आणि या तळ्यात तीन सुसरी. तू दहा पावलं मागे गेलीस.

"खाडीतली मगर शेळी ओढून नेते. तुम्ही मला हिच्या शेजारी झोपवणार?"

मी तुला सांगितलं, ही आपल्या खाडीतली नव्हे. हिचं तोंड बघ. तू लांबूनच मान वाकडी करून बघितलंस. लांब, बारीक, दोन्ही बाजूंना टाचण्या लावल्यासारखे दात. माणूस काय, शेळीचं करडू तोंडात मावणार नाही. फक्त मासे खाते. जमिनीवर आली तर धड चालता येत नाही, पोट घासत सरकते.

"ही तर सांडशी!" तू म्हणालीस. "चुलीवरून पातेलं उतरवायची सांडशी!"

आणि तुझी भीती तिथेच संपली. दोन माद्या, त्यांना तू थोरली आणि धाकटी म्हणायला लागलीस. नराच्या नाकावर गोल मडक्यासारखा फुगवटा असतो, त्याला नाव दिलंस हंडेवाला. मोसमात तो त्या मडक्यातून घूं घूं आवाज काढून माद्यांना बोलवायचा, तर तू तळ्याच्या कठड्यावर बसून मला ऐकवायचीस, "बघा. नवरा बायकोला कसा हाक मारतो. तुम्ही एवढ्या वर्षांत 'अगं' सोडून काही म्हणालात?"

नाही म्हणालो. आता रुकैया, रुकैया लिहितोय तर हात जड होतोय. तोंडाने हे नाव कधी घेतलंच नाही.

सुट्टीत नात आली होती, तिने फाटकावरची पाटी वाचली. तिला मराठी बोल म्हटलं तर हिंदीत उत्तर देते. "नाना, ये तो इंडिया का है! यहाँ लिखा है, नदी में रहता है, बहुत कम बचे हैं." तू तिला जवळ घेतलंस आणि तळ्याकडे बघत म्हणालीस, "म्हणजे हीपण आपल्यासारखीच. नदी सोडून वाळवंटात आली. हिचा इकामा कोण भरतो गो?" इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, हे नातीला कळलं नाही. मी मात्र दिवसभर हसत होतो. त्या दिवसापासून तू बुलटी आपल्याला ठेवायला लागलीस आणि बरी मासळी त्यांना. आधीचं तुझं गणित उलटं होतं. तोंडाची कुरकुर मात्र शेवटपर्यंत सुटली नाही.

चपलांवरून आपलं भांडण आयुष्यभर चाललं. माझ्या त्या काळ्या रबरी चपला. उजवीचा अंगठा तुटला, तो मी तारेने बांधला. तेव्हापासून चालताना ती फट्-टक, फट्-टक वाजते. तुला लाज वाटायची. पण थोरलीला तो आवाज कळायचा. मी कठड्यावरून चाललो की तिचं नाक पाण्यावर यायचं, ती किनाऱ्याला लागायची. दुसरा कोणी आला, बूट घालून आला, की सगळ्या खाली. डॉक्टर आला तरी खाली. हा जनावरांचा डॉक्टर मिसरी, इजिप्तचा, भला माणूस, तो म्हणायचा, "अरे इब्राहिम, तुझी चप्पल मला दे आणि माझी डिग्री तू घे." ही थट्टा. पण खरंच मी म्हणून त्या चपला सोडल्या नाहीत.

आपण उमऱ्याला गेलो तेव्हा जेद्दाच्या अल अझीझियात तू मला हात धरून दुकानात नेलंस. मऊ तळव्याच्या, तपकिरी, टाचेला शिवण घातलेल्या चपला. मी म्हटलं, मला नको. तू घेतल्याच. "अल्लाच्या घरातून परत जाताना तरी माणसासारखे दिसा." त्या डब्यातच राहिल्या. महिन्यातून एकदा तू डबा काढायचीस, पुसायचीस, माझ्याकडे बघायचीस, परत ठेवायचीस. मी म्हणायचो, थोरली ओळखणार नाही. तू म्हणायचीस, "थोरलीच्या पसंतीने राहा. बायकोचं काय."

आता अंड्यांचं. हे लिहायला मला जड जातंय, पण ते लिहिल्याशिवाय बाकीचं कोणाला कळणार नाही.

थोरलीने पहिल्यांदा वाळूत अंडी घातली त्या वर्षी डॉक्टर सुट्टीवर आपल्या मुलखाला गेला होता. जाताना त्याने अंडी वाळूच्या पेटीत घालून तळ्याकाठच्या पंपाच्या खोलीत ठेवायला सांगितली, ऊब राहील म्हणून. पेटी नीट सांभाळा, एवढंच म्हणाला. बाकी सांगायची त्याला गरज वाटली नसावी. आणि तुला कोंबड्यांची सवय. कोंबडी अंड्यावरून उठली, मेली, कोणी नेली, की तुझी आई अंडी भुश्यात ठेवून रोज फिरवायची. एका बाजूने तापू नयेत, पिल्लू चिकटू नये. तू तेच केलंस. रोज फजर झाली की बिस्मिल्ला म्हणून एकेक अंडं हळूच उलटायचीस. मी दारात उभा राहून बघायचो आणि मला वाटायचं, वा, किती मायेनं करते. मीही म्हणालो होतो, ते कोपऱ्यातलं राहिलं बघ.

डॉक्टर आला, एक अंडं फोडलं, आणि विचारलं, ही फिरवली का कोणी? मग त्याने समजावलं. कोंबडीचं वेगळं. सुसरीच्या अंड्यात पिल्लू वरच्या बाजूला कवचाला चिकटून वाढतं. अंडं उलटलं की ते सुटतं, बुडतं. जसं घातलं तसंच राहिलं पाहिजे, वरचं वर.

डॉक्टर रागावला नाही. म्हणाला, माझी चूक, मी सांगायला हवं होतं. कोणीच तुला काही बोललं नाही. तरी तू किती दिवस तळ्याकडे फिरकली नाहीस. मासळी धुऊन पाटी दारात ठेवायचीस आणि आत जायचीस. मी म्हटलं, अगं, जनावराची अंडी ती. तू म्हणालीस, "आईच्या देखत मी रोज हाताने बुडवली." पण तुला एक सांगायचं राहिलं: त्या पेटीपाशी वाकलेली तू मला जेवढी चांगली दिसलीस तेवढी लग्नातही दिसली नव्हतीस. हे तेव्हा सांगितलं असतं तर तू चपलेने मारलं असतंस. आता सांगतोय.

त्यानंतर बरीच वर्षं थोरली अंडी घालायची ती नुसतीच, आत काही नसलेली. हंडेवाला म्हातारा झाला, असं डॉक्टर म्हणायचा. आणि यंदा, हिवाळा सरल्यावर, थोरलीने वाळू उकरली. सकाळी डॉक्टरने एक अंडं बॅटरीच्या उजेडात धरलं. आत पांढरा पट्टा. जीव होता.

पण जागा वाईट निवडली बयेनं. शेजारीच माझा पाइप, आणि त्याचा सांधा गळणारा. मीच बसवलेला, तरी गळत होता. वाळू भिजून अंडी कुजली असती. चार हात पलीकडे कोरड्या वाळूत हलवायची ठरली. डॉक्टर म्हणाला, प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करा, मगच उचला. तू इतका वेळ मागे उभी होतीस. पुढे आलीस.

"पेन्सिल ओल्या वाळूत पुसली जाईल."

"मग काय लावू?" डॉक्टरने विचारलं.

तू खोलीत गेलीस आणि गावाहून आलेल्या पाल्याची मेहंदी वाटीत कालवून आणलीस. डॉक्टरने वास घेतला, बोटावर चोळून बघितली, हसला, म्हणाला ठीक. आणि तू गुडघ्यांवर बसून, काडीने, प्रत्येक अंड्यावर एक ठिपका दिलास. ईदला पोरींच्या तळहातावर देतेस तसा. सुकेपर्यंत कोणाला हात लावू दिला नाहीस. मग मी उचलायचं आणि तू म्हणायचं, "ठिपका वर. ओ, ठिपका वर! बघून ठेवा." शेवटचं अंडं ठेवून वाळू सारली, तू वर सावलीचं कापड बांधलंस, आणि रोज वरवर थोडं पाणी शिंपडायचं काम स्वतःकडे घेतलंस. थोरली पाण्यात नाक वर काढून सगळं बघत होती.

त्याच आठवड्यात कफीलने मला बोलावलं. म्हातारा माणूस आहे, वाईट नाही. माझ्याकडे न बघता म्हणाला, आता या कामांवर सौदी माणूस ठेवावा लागतो, आणि तुझं वयही झालंय, इकामा पुढे होणार नाही. उन्हाळा संपला की खलास, फायनल एक्झिट. आणि दुसऱ्या दिवशी फहद आला. पस्तिशी उलटलेला, दोन मुलींचा बाप, आधी डेअरीची गाडी चालवायचा. पायांत जाड बूट, डोक्यावर शेमाघ. सलाम केला. मी कठड्यावरून चालत पुढे गेलो.

मला राग त्याचा नव्हता, हे तू रोज सांगायचीस. मी म्हणायचो, आहे. त्याचाच आहे. तो बसतो ती खुर्ची माझी आहे. तू म्हणायचीस, "खुर्ची घेऊन जाणार का विमानात? पिल्लं बाहेर येतील तेव्हा आपण असू नसू. मग त्यांना कोण बघणार?" मी म्हणायचो, कफील बघेल. तू म्हणायचीस, "कफील हरणंसुद्धा मोजत नाही." मी म्हणायचो, मग मरू देत. हे मी एकदाच म्हणालो. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी जेवायचा राहिलो.

तरी मी शिकवलं नाही. मी अजूनही म्हणत नाही की तुझं सगळं बरोबर होतं. ज्याने आयुष्य घालवून हात बसवलाय, त्याला एका कागदावर घरी पाठवायचं आणि वर म्हणायचं की जाताना हात काढून ठेव, हे मला पटत नाही. तू असतीस तर यावर अजून महिनाभर भांडलो असतो. माझ्याकडे बोलायला पुष्कळ आहे. समोर तू नाहीस, त्यामुळे मजा येत नाही.

तुला नेलं त्या दिवशीचं सांगतो, तुला ठाऊक नसेल. शेजारच्या मजऱ्यावरच्या बायका आल्या, हैदराबादची एक आणि फिलिपिनी नर्स, त्यांनी तुला न्हाऊ घातलं. शाहीन आणि जावई दम्मामहून निघाले, पण रस्ता लांब, आणि इथे दफनाला थांबत नाहीत. दुपारी जोहरनंतर अल खर्जच्या कबरस्तानात नेलं. मला कबरीत खाली उतरायचं होतं. माझे गुडघे तुला माहीतच. उतरलो आणि तिथेच अडकलो, ना वाकता येईना, ना वर येता. वरून कोणीतरी बूट काढून खाली उडी मारली. फहद. डोक्याकडची बाजू माझ्याकडे ठेवली, पायांकडची त्याने घेतली, आणि मला म्हणाला, "शुवय्या, अम्मी, शुवय्या." त्यांच्यात काकाला अम्मी म्हणतात. हळू, काका, हळू. तुला आम्ही दोघांनी ठेवलं. मग त्याने मला खालून धरून वर चढवलं. इथे कबरीवर नाव लिहीत नाहीत. एक दगड असतो, बस. सगळ्यांचे सारखे. तुला ते आवडलं असतं. गावच्या कबरस्तानात कोणाचा संगमरवर किती मोठा, यावर तू किती बोलायचीस.

संध्याकाळी शाहीन पोचली. खूप रडली. मी रडलो की नाही ते आठवत नाही. पाटीतली मासळी कोणी घातली, वाळूवर पाणी कोणी मारलं, यातलं काही मनात आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी फजरला डोळे उघडले आणि ते एकदम आठवलं. काल दिवसभर वाळूला पाणी नाही. या उन्हात! वरचं कापड सरकलं असेल तर अंडी आतल्या आत उकडली असतील. मी चपला अडकवल्या आणि धावत सुटलो. धावत म्हणजे आपला मी जसा धावतो तसा.

वाळू ओली होती. नुसती ओली नाही, तुझ्यासारखी ओली. वरवर, सगळीकडे सारखी, मध्ये डबकं नाही. सावलीचं कापड चारही कोपऱ्यांना बांधलेलं. आणि शेजारी उकिडवा बसलेला फहद, हातात तुझा दूधपावडरीचा डबा. तू खिळ्याने भोकं पाडलेला.

"हे तुला कोणी शिकवलं?" माझा आवाज चढला.

तो उठून उभा राहिला. "उम्म शाहीन," म्हणाला. शाहीनच्या आईने.

"कधी? मी तर तुला तिच्याशी बोलताना बघितलं नाही."

"मला नाही. माझ्या बायकोला. जुम्म्याला तुम्ही अल खर्जला बाजाराला जाता ना, तेव्हा मी तिला आणि मुलींना घेऊन यायचो. मी गाडीतच बसायचो. त्या मेहंदी काढायच्या. हाताला मेहंदी लागली की बायकोला उठता येत नाही, आणि त्या सांगत बसायच्या. घरी येऊन बायको मला सगळं सांगायची." मग तो बोटाने दाखवत म्हणाला, "पाणी असं. कापड असं. आणि अंडं उचललं तर लाल खूण वर. नेहमी वर. त्या म्हणाल्या, मी एकदा सगळी उलटली होती, तुझ्या नवऱ्याला सांग, त्याने तसं करू नये."

रुकैया, मला आधी राग आला. खोटं का बोलू? माझ्या पाठीमागे, माझ्याच तळ्यावर, माझ्याच माणसाने! त्या जुम्म्यांना मी बाजारातून तुझ्यासाठी पेरू आणायचो, आणि तू अगदी साळसूदपणे विचारायचीस, "गर्दी होती का?" आणि जे तू शाहीनलाही कधी सांगितलं नाहीस, ते अंडी उलटल्याचं तू एका परक्या बाईला, तिचे हात हातात धरून, मोडक्या अरबीत सांगितलंस. आणि मग मला हसू आलं. फहद घाबरून बघत राहिला. म्हाताऱ्याची बायको काल गेली आणि हा हसतोय. मी खाली बसलो. मग दोन्ही होत होतं, हसूही आणि दुसरंही.

तेवढ्यात ते आलं.

डॉक्टर सांगायचा तसंच. वाळूच्या आतून, बारीक, लहान बेडकासारखं. क्वक्. थांबलं. मग दुसरीकडून क्वक्. फहदने माझा दंड धरला. मी कान वाळूला लावला. आत बाजार भरला होता.

तळ्यात थोरलीचं डोकं वर आलं. ती किनाऱ्याकडे निघाली. फहद तिला बघायला कठड्यावर धावला, त्याचे बूट धाडधाड वाजले, आणि ती बुडाली. तो थिजला. "माझ्यामुळे?" म्हणाला.

हे तू त्याला शिकवलं नव्हतंस. पाणी शिकवलंस, कापड शिकवलंस, ठिपका शिकवलास. थोरलीला कसं बोलवायचं ते शिकवलं नाहीस. तुला वेळ पुरला नाही, की तेवढं तू माझ्यासाठी राखून ठेवलंस? मला वाटतं, राखूनच ठेवलंस. तू मला ओळखतेस.

मी म्हटलं, "बूट काढ."

त्याने काढले. मी माझ्या चपला काढून त्याच्यापुढे ठेवल्या. तारेची बाजू उजवीकडे. त्याने एकदा चपलांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. पाय मोठा त्याचा, टाच अर्धी बाहेर. "आता चाल. कठड्यावरून. घाई नको, शुवय्या."

फट्-टक. फट्-टक. तो एकदा गेला, काही नाही. परत फिरला. फट्-टक. थोरलीचं नाक वर आलं. ती सावकाश किनाऱ्याला लागली, हनुवटी वाळूवर टेकवली आणि थांबली. फहदने श्वास सोडला तो मला इथे ऐकू आला.

मग आम्ही दोघांनी हातांनी वाळू सारली. वरून वाळू निघाली आणि पहिला ठिपका दिसला. विटकरी, तुझ्या बोटांसारखा. वर. मग दुसरा, तोही वर. मी सगळे बघितले, तुझी शपथ, एकही खाली नव्हता. सगळ्यांतून पिल्लं आली नाहीत, काही अंडी गप्पच राहिली. पण पहिल्याच कवचाला तडा गेला आणि त्यातून एक सांडशी बाहेर आली, वीत-दीड वीत लांब, दातांसकट, आणि लगेच फहदच्या अंगठ्याला धरून बसली. "अम्मी! चावली!" तो ओरडला आणि हसत सुटला. मी म्हटलं, सोडवू नको, तीच सोडेल. आईकडे धर, तिला आवाज ऐकू दे. मग उथळ पाण्यात सोड.

मी डॉक्टरला फोन लावला. फहदने बायकोला लावला. तिचा रडण्याचा आवाज मला इथपर्यंत आला.

ऊन चढलं. वाळू तापली आणि माझे पाय भाजायला लागले. मी अनवाणी होतो हे तेव्हा लक्षात आलं. फहद म्हणाला, "अम्मी, चपला घ्या." मी म्हटलं, "राहू देत. तुला लागतील." आणि टाचा उचलत, उड्या मारत खोलीकडे आलो. तू बघितलं असतंस तर दारात बसून हसली असतीस.

शाहीन झोपली होती. मी कपाटाच्या खालचा डबा काढला. अल अझीझियाचं दुकान, तपकिरी चपला. दारातच बसून पायांत घातल्या. तू सारख्या पुसून ठेवायचीस, त्यावर धुळीचा कण नव्हता. मग मासळीची पाटी उचलली आणि तळ्याकडे निघालो.

शिवण टाचेला चावते, रुकैया. आवाज मात्र काही येत नाही.